पाहणी कोणत्या महिन्यात केली?

माझ्या दोन सवयी घरच्यांना आवडत नाहीत. पहिली म्हणजे लग्नाकार्यात पाणी प्यायचं झालं की मी खिशातून रुमाल काढतो, त्याची दुहेरी घडी ग्लासावर धरतो आणि त्यातून पाणी गाळून पितो. नात म्हणते, आजोबा, लोक बघायलेत. बघू देत की. दुसरी सवय पेपर वाचतानाची. अमुक गावात साथ नाही, अधिकाऱ्यांनी जाऊन पाहणी केली, असं छापून आलं की मी मोठ्यानं विचारतो, कोणत्या महिन्यात? घरात कोणी उत्तर देत नाही, आणि पेपरातही ते कधी दिलेलं नसतं. मग माझा दिवस खराब जातो. उगीच या खोलीतून त्या खोलीत फिरत राहतो.

नोकरीतलं काही लिहा म्हणून दिवाळी अंकवाल्या मंडळींनी गळ घातली, तेव्हा आधी मी नाहीच म्हणालो. इतक्या वर्षांत कुठं कुठं बदली झाली आणि कोणता साहेब कसा होता हे लिहीत बसलो तर तुम्ही पान उलटाल, तुमच्या जागी मीही उलटीन. म्हणून या दोन सवयी लागल्या कशा, तेवढंच सांगतो.

मी निजामाच्या राज्यात दारोगा होतो. दचकू नका, पोलिसातला नव्हे. दारोगा सफाई. लातूरला आमचं किराणा दुकान होतं आणि मी गादीवर बसावं अशी वडिलांची इच्छा होती, पण मी उर्दू चांगलं शिकलो आणि तेच मला नांदेडच्या कचेरीत घेऊन गेलं. गटारं बघायची, बाजारातलं मटण बघायचं, विहिरीत लाल औषध टाकायचं आणि पाटलाच्या जन्ममृत्यूच्या वहीवर नजर ठेवायची, हे काम. त्या वहीत बहुतेक सगळी माणसं तापानं मेलेली असत. पाटलाला लिहायला तेवढं एकच कारण ठाऊक होतं. आणि यापलीकडचं मोठं काम म्हणजे नारू.

नारू आता कुणाला माहीत नाही, म्हणून सांगतो. पांढऱ्या दोऱ्यासारखा हातभर लांब जंत. आधी पायाला फोड येतो, आग आग होते, आणि माणूस पाय थंड पाण्यात घालायला धावतो. पाण्यात फोड फुटतो, नारूचं तोंड बाहेर येतं, आणि त्याच वेळी तो आपली पिलं पाण्यात सोडतो. ती पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात, ते किडे पाण्याबरोबर दुसऱ्याच्या पोटात जातात. मग वर्षभर काहीच नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या दुसऱ्याच्या पायाला फोड. नारू ओढून काढता येत नाही. काडीला गुंडाळायचा, रोज बोटभर, असे पंधरा-वीस दिवस. घाई केली आणि आत तुटला तर पाय सुजतो, पू होतो, गुडघा आखडतो तो कायमचा. काही जण त्यातच जात. औषध नव्हतं. पण टाळणं अगदी सोपं होतं. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि प्यायच्या पाण्यात पाय घालायचा नाही, बस्स. इतक्या सोप्या गोष्टीपायी धडधाकट माणसं लंगडी व्हायची याचा मला तेव्हा संताप यायचा, आणि अजून येतो.

आमच्याकडं गावोगावी पायऱ्यांच्या बारवा. बायका पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि तिथंच घागर बुडवायच्या. सरकारचा हुकूम खरं तर चांगला होता. ज्या गावचे नारूचे रुग्ण कागदावर येतील, तिथल्या बारवेच्या पायऱ्या सरकारी खर्चानं बुजवायच्या आणि वर रहाट बसवायचा. म्हणजे पाणी दोरानं वर येणार, पाय पाण्यात जाणारच नाही. फक्त रुग्ण कागदावर यायला पाहिजेत.

ते यायचेच नाहीत. कारण आमचा दौरा दिवाळीनंतर निघायचा आणि शिमग्याला संपायचा. उन्हाळ्यात साहेबलोक वाळ्याच्या ओल्या ताट्या सोडून बाहेर पडत नसत. आणि नारू निघतो चैत्र-वैशाखात. थंडीत गावाला जाऊन विचारलं, नारू आहे का, तर गाव म्हणणार, हो, आहे, पण दाखवायला एकही नाही. आमचा साहेब हैदराबादचा, शिकलेला, कुणाच्या घरचा चहासुद्धा न घेणारा. त्याचा एकच नियम होता, देखे बगैर लिखना नहीं. न बघता लिहायचं नाही. लबाड असता तर मला एवढं लागलं नसतं. नियम सचोटीचा होता आणि महिना चुकीचा, आणि वर्षानुवर्षं नारूचा रकाना कोरा जात होता.

कंधारच्या पलीकडं एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथल्यांची नातवंडं आता नांदेडात डॉक्टर आहेत. त्या गावात आम्ही एका थंडीत गेलो. चावडीवर साहेब खुर्चीत, मी शेजारी कागद घेऊन, समोर माली पाटील, म्हणजे वसुलीचा पाटील, आणि गाव. साहेब उर्दूत विचारणार, मी मराठीत सांगणार, गाव बोलणार आणि मी ते उर्दूत साहेबाला सांगणार, अशी रीत. नारू आहे का विचारल्यावर सगळे एकदम बोलायला लागले. दाखवा म्हटल्यावर सगळे गप्प झाले.

तेव्हा मागून सोनाबाई पुढं आली. पन्नाशीची, कोरडवाहू शेतीवर राबलेली बाई, एका पायानं अधू. चावडीवर बाई येत नसे, ती आली. तिनं लुगडं पोटरीपर्यंत वर केलं आणि आखडलेला गुडघा आणि घोट्यावरचे वण दाखवले. तिचा धनी नारू तुटून, पाय कुजून गेला होता आणि पाटलाच्या वहीत मात्र तापानं मेला असं लिहिलं होतं. आता घरात एकच कमावता, मुलगा मारुती, आणि तो दर वैशाखात बाजेवर पडायचा, नेमका पेरणीआधीच्या नांगरटीला. तिला रहाट पाहिजे होता. दुसरं काही मागत नव्हती.

साहेबानं वाकून नीट पाहिलं आणि म्हणाला, हे जुनं आहे, आत्ताचा नारू दाखव. मी तिला तसं सांगितलं.

"आत्ता कुटून दावू?" ती म्हणाली. "ते काय बाराही महिने निगतंय का? वैशाखात या म्हणावं की साहेबाला."

हे वाक्य मी साहेबाला सांगितलं नाही. का नाही, ते आज इतक्या वर्षांनी प्रामाणिकपणे लिहितो. कुणा खेड्यातल्या बाईनं हैदराबादच्या साहेबाला उन्हाळ्यात या म्हणणं मला उद्धटपणाचं वाटलं, आणि ते माझ्या तोंडून बाहेर पडलेलं साहेबाला आवडणार नाही असं वाटलं. मी म्हणालो, बाईकडं दाखवायला आणखी काही नाही. साहेबानं मान हलवली. फुकटात रहाट मिळावा म्हणून ही माणसं खोटं बोलतात, असं तो माझ्याकडं बघून म्हणाला, आणि गावातल्या ज्यांना उर्दू कळत होतं त्यांना ते कळलं. मी लिहिलं, नारूचे रुग्ण नाहीत. रुग्ण नाहीत म्हणजे पाणी चांगलं, म्हणून पुढच्या रकान्यात पाणी पिण्यालायक. नियमाप्रमाणं ते चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवलं आणि खाली सही केली. माझीच.

त्या गावातली एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जाईना. गावाबाहेर, त्या वेळी ज्याला महारवाडा म्हणत, तिथं मी गटारं बघायला गेलो होतो. तिथं एकाच्याही पायाला वण नव्हता. त्यांना बारवेची पायरी उतरायची बंदी होती, म्हणून ते नदीच्या वाळूत झिरा खणून पाणी भरायचे. वाळूतून गाळून आलेलं ते पाणी. गावानं ज्यांना पाण्याला शिवू दिलं नाही त्यांचे पाय साफ, आणि शिवू न देणारे सगळे लंगडे. एवढा ढळढळीत पुरावा समोर होता आणि कागदावर मी सही करून आलो होतो. नांदेडला झोप लागेना. बायको, गिरिजा, विचारायची, पोट बिघडलंय का. मी हाव म्हणायचो.

शेवटी साहेबाकडं जाऊन म्हणालो, वैशाखात एकदा जाऊन येतो. तो हसला. लू लागून मराल म्हणाला, पण जा म्हणाला.

वैशाखात मी एकटाच गेलो. चावडीसमोर लिंबाखाली गाव बसलं होतं, आणि मी आलो तरी कोणी उठून उभं राहिलं नाही. निजामी राज्यात सरकारी शिपाई आला तरी माणसं उठायची, मी तर दारोगा. माझं डोकं तापलं. इतका माज, म्हटलं. मग माली पाटलाकडं नजर गेली. तो बाजेवर बसला होता आणि एवढ्या उन्हात त्याच्या पायावर घोंगडं होतं. शेजारच्याच्या पायावर पटका होता, त्याच्या शेजारच्यानं पाय पोत्याखाली घेतले होते. उठले असते तर पाय दिसले असते, म्हणून कोणी उठत नव्हतं.

दाखवा म्हणालो. कोणी ऐकेना. थंडीत त्यांना खोटं ठरवलं होतं, आणि मधल्या महिन्यांत लेव्हीचं, म्हणजे सरकारला सक्तीनं द्यायचं, धान्य वसूल करायला माणसं येऊन गेली होती. सरकारनं नाव लिहून घेतलं की घरातलं काहीतरी जातं, हे गावाला पाठ झालं होतं. पाटील गोड बोलून म्हणाला, साहेब, तुमीच लिहून गेलात, आमच्यात नारू न्हाई. मी हात जोडले, रहाटाचं सांगितलं, समजावलं, ओरडलोसुद्धा. सगळे जमिनीकडं बघत बसले.

तेवढ्यात सोनाबाई बारवेकडून आली. डोक्यावर घागर, आणि घोट्याला चिंधी बांधलेली. तिनं घागर उतरवली, तांब्या भरला आणि माझ्यापुढं धरला.

"दारोगा, पाणी पिण्यालायक हाय म्हून तुमीच लिव्हलाव ना? सही तुमचीच हाय ना?"

मी हो म्हणालो.

"मंग प्या."

माझा हात आपसूक खिशात गेला. दौऱ्यावर मी नेहमी गाळूनच प्यायचो, ती माझी विद्या होती. रुमालाची घडी करून तांब्यावर धरली आणि मान वर केली, तर सगळं गाव त्या रुमालाकडं बघत होतं.

"चांगलं हाय तर गाळायलास कामून?" सोनाबाईनं विचारलं. तुमीचं तू कधी झालं ते मला कळलं नाही.

मी सांगायला लागलो की पाणी गाळूनच प्यावं, सगळ्यांनीच गाळावं, त्यातले किडे डोळ्यांना दिसत नाहीत. तिनं मला पुढं बोलू दिलं नाही.

"हे थंडीत सांगायचं व्हतं. साहेबासमोर."

माझा स्वभाव वाईट. वडील म्हणायचे, हा गादीवर बसला असता तर पहिल्या गिऱ्हाइकाशी भांडला असता. मला लाज वाटली, आणि मला लाज वाटली की राग येतो. मी रुमाल फेकून दिला आणि तो सगळा तांब्या तसाच घटाघटा प्यालो. वैशाखातलं तळाचं पाणी, गढूळ, कोमट. त्याच्यात काय आहे हे त्या जमलेल्या माणसांत फक्त मला माहीत होतं. प्यालो आणि म्हणालो, आता तरी दाखवा.

ती म्हणाली, "आत्ता न्हाई. वर्सानं ये. आदी तुजा पाय बगते, मंग माजा दावते."

घरी येऊन गिरिजाला सांगितलं. स्वयंपाक झाला, जेवणं झाली, मग म्हणाली, एका बाईनं डिवचलं म्हणून तुमी पाणी प्यालाव? दुसऱ्या दिवसापासून तिनं घरातलं पाणी तीन-तीनदा गाळायला सुरुवात केली, जसं काही जे आत गेलं ते त्यानं बाहेर येणार होतं.

ते वर्ष मी कसं काढलं ते कुणाला सांगून पटायचं नाही. पायाला डास चावला तरी मी दिव्याजवळ जाऊन बघायचो. कचेरीत लिहिता लिहिता टेबलाखाली घोटा चाचपायचो. गिरिजा सकाळची पूजा आटोपली की माझे दोन्ही पाय मांडीवर घेऊन दाबून बघायची, आणि काही नाही म्हणायची, आणि मला बरं वाटायचं, आणि लगेच बरं वाटल्याची शरम वाटायची. कारण नारू निघाला नाही तर सोनाबाई म्हणणार होती, बघा, पाणी चांगलंच होतं. गाव पाय दाखवणार नव्हतं, रहाट येणार नव्हता. नारू निघावा असं वाटायचं आणि निघू नये असंही वाटायचं, दोन्ही एकाच वेळी. घरात बसवत नव्हतं. संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर नुसता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचो. थंडीतला दौरा आला, साहेबाबरोबर गावं फिरलो, कोरे रकाने कोरेच भरले. साहेबाला काही सांगितलं नाही. सांगून काय, दाखवायला काही नव्हतं.

चैत्र संपता संपता डाव्या घोट्याला आग सुरू झाली. दोन दिवसांत फोड. गिरिजानं बादलीत गार पाणी आणलं, मी पाय घातला आणि जिवाला इतकं बरं वाटलं की माणसं बारवेत का धावतात ते त्या दिवशी खरं कळलं. इतकी वर्षं मी ते पाठ म्हणून दाखवत होतो. फोड फुटला, पांढरं टोक दिसलं. गिरिजा रडायला लागली. मी तिला म्हणालो, ती बादली मोरीत ओतू नको, लांब वाळूत ओत. मग आम्ही दोघांनी मिळून ते टोक काडीला गुंडाळलं.

चौथ्या दिवशी मी लंगडत कचेरीत गेलो आणि साहेबासमोर पाय स्टुलावर ठेवून फडकं सोडलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यानं जिवंत नारू पहिल्यांदा पाहिला होता, हे त्यानं स्वतःच कबूल केलं. मी त्याला सगळं सांगितलं. बाईचं ते राहिलेलं वाक्यही सांगितलं, दीड वर्ष उशिरा. त्यानं दौऱ्याची वही पुढं ओढली आणि कोरे रकाने एकेक उलटून पाहिले. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"जाइए," तो म्हणाला. "इसी महीने में गिनिए।"

पुढचं आधीच सांगून टाकतो. कागद गेला, मंजुरी आली, पुढच्या थंडीत गवंडी आले आणि त्या बारवेच्या पायऱ्या बुजल्या. रहाट बसला. त्याच्यानंतरच्या एका उन्हाळ्यानं मारुती वैशाखात बाजेवर पडायचा थांबला. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण मी काडी बांधलेल्या पायानं बैलगाडीतून त्या गावात उतरलो तेव्हा मारुती घरात कण्हत पडला होता. त्याचा नारू दोन दिवसांपूर्वी आत तुटला होता. पुढं तो चालायला लागला, पण त्याचा गुडघा आईसारखाच आखडला तो आखडलाच. माझ्या आणि त्याच्या पोटात एकाच उन्हाळ्यातलं पाणी होतं. त्या आधीच्या थंडीत मी ते एक वाक्य साहेबाला सांगितलं असतं, तर त्याच वैशाखात मोजणी झाली असती आणि गाव पाणी गाळायला लागलं असतं. लागलंच असतं असं नाही, पण तसा संभव होता. मी हा हिशेब अनेकदा मांडून पाहिलाय आणि तो कधीच माझ्या बाजूनं सुटत नाही.

त्या दिवशी लिंबाखाली पुन्हा गाव बसलं होतं. पुन्हा कोणी उठलं नाही. मी खाली बसलो, पाय पुढं केला आणि फडकं सोडलं. सोनाबाईला कुणीतरी सांगितलं असावं, ती घरातून आली. मारुतीच्या उशाशी बसून डोळे सुजलेले होते. माझ्यासमोर उकिडवी बसली आणि काडी हातात घेऊन बघितली.

"लई वडलास," ती म्हणाली. "आसं वडू नी. माज्या लेकाचा आसाच तुटला."

मग तिनं हलक्या हातानं काडी अर्धा वेढा सैल केली आणि नीट बांधून दिली. बांधून झाल्यावर तिनं स्वतःच्या घोट्याची चिंधी सोडली आणि पाय माझ्या पायाशेजारी ठेवला. तिच्या पायातून दोन निघाले होते. मी कागद काढला, दौत उघडली आणि तिचं नाव लिहायला लागलो. तिनं माझा हात धरला.

"पयलं तुजं लिव्ह."

मी लिहिलं. रुग्ण पहिला, माझं नाव, हुद्दा दारोगा सफाई, पाणी याच बारवेचं. लिहून मान वर केली तर समोरची माणसं उठायला लागली होती. कुणी काठीवर, कुणी शेजाऱ्याच्या खांद्याला धरून, पटके आणि पोती बाजूला टाकून. सगळ्यांत शेवटी माली पाटलानं पायावरचं घोंगडं काढलं आणि तोही बाजेचा खूर धरून उभा राहिला.

"आता मोज," सोनाबाई म्हणाली.